दुकानातलं कासव आणि आपलं गप्प बसणं



'ससा आणि कासव' ही गोष्ट आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्यालाही आपण वाकून नमस्कार करतो. पण खरंखुरं, जिवंत कासव समोर आलं की आपण त्याच्याशी कसे वागतो? आज मला याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी एक अनुभव सांगते. मागच्या वर्षी आमच्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत प्लास्टिकचा डबा घेऊन माझ्याकडे आला. "बाई, माझं कासव दोन दिवस डोळेच उघडत नाही," म्हणाला. डब्यात दोन बोटं रुंदीचं हिरवं पिल्लू होतं. डोळे सुजलेले, पाठ मऊ पडलेली. वाढदिवसाला बाबांनी घेऊन दिलं होतं. चार दिवसांनी ते मेलं.

मला जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. ते दुकान माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर आहे. महिनाभरापूर्वी मी तिथे माशांचं खाद्य घ्यायला गेले होते. काचेच्या छोट्या टाकीत पंधरा-वीस पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. पाणी गढूळ झालेलं, वर चढून बसायला एक दगडसुद्धा नव्हता. मला ते खटकलं होतं. पण 'आपल्याला काय करायचंय' म्हणून मी पैसे दिले आणि निघाले. वर्गात भूतदयेवर निबंध लिहून घेणारी मी, तिथे मात्र गप्प बसले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : दुकानात प्राण्यांचे हाल दिसले तर बोललंच पाहिजे. पण बोलायचं तर आधी माहिती हवी.

कासवाला नेमकं काय लागतं?

मराठीत आपण सगळ्यांनाच 'कासव' म्हणतो. पण जमिनीवरचं कासव वेगळं आणि पाण्यातलं वेगळं. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरतं. दुकानात बहुतेक वेळा मिळतं ते रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव. हे मूळचं अमेरिकेतलं. पाण्यात राहणारं असलं तरी त्याला बाहेर येऊन अंग कोरडं करायला आणि ऊन खायला जागा लागतेच.

कासव थंड रक्ताचा प्राणी आहे. अंगात ऊब आल्याशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यामुळे कॅल्शियम हाडांना मिळतं. ते मिळालं नाही की हाडं आणि कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. साधा पिवळा बल्ब ऊब देतो, पण हे किरण देत नाही.

आणि कवच म्हणजे काही वरून घातलेला डबा नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यालाच जोडलेल्या असतात. त्याला स्पर्श कळतो, वेदनाही होतात. त्यावर रंग लावणं, त्याला भोक पाडणं ही क्रूरता आहे.

"हे एवढंच राहतं हो" हे दुकानातलं नेहमीचं वाक्य. ते खरं नाही. याची मादी पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर हे कासव वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे सहावीतल्या मुलाने आणलेलं कासव त्याच्या लग्नातही हजर असू शकतं! तेवढी तयारी आहे का आपली?

आरोग्याचाही प्रश्न आहे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. लहान मुलांना त्यापासून आजार होत होते, म्हणून अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली गेली. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत.

मग बोलायचं कसं?

त्या मुलाचं कासव मेल्यावर मी पुन्हा दुकानात गेले. गिऱ्हाईक नसताना गेले, भांडायला नाही. म्हटलं, "दादा, यांना बसायला कोरडी जागा नाही, पाणी बदलायला हवं." आधी ते वैतागले. मग म्हणाले, "मॅडम, आम्हाला कोण सांगतं? माल येतो, आम्ही विकतो." दुसऱ्या आठवड्यात टाकीत वीट होती, पाणीही स्वच्छ होतं. योग्य दिवा अजून आलेला नाही. मी अजून विचारते.

सगळेच दुकानदार ऐकतील असं नाही. तेव्हा कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. प्राण्याला हालचालही करता येणार नाही अशा जागेत कोंडणं, पुरेसं अन्नपाणी न देणं हा त्याखाली गुन्हा आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हे आपण विचारू शकतो.

आणि पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं कासव दुकानात दिसलं तर? ते आपलं भारतीय तारा कासव. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. ते विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळंच गुन्हा. वास्तूसाठी, पैसा येतो म्हणून लोक ते ठेवतात. अहो, कोंडलेल्या जिवामुळे घरात भरभराट कशी येईल? अशा वेळी वाद न घालता महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दोन चुका मात्र करू नका

पहिली : दया येते म्हणून ते कासव विकत घेऊ नका. तुम्ही एक सोडवता, पण दुकानदाराला विक्री झालेली दिसते आणि तो त्या जागी दुसरं आणतो.

दुसरी : घरातलं कासव कंटाळा आला म्हणून नदीत, तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. स्लायडर हे परदेशी कासव आपल्या स्थानिक कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. सांभाळणं जमत नसेल तर प्राणिमित्र संस्थेशी बोला.

मित्रांनो, कुत्रं दुखलं तर केकाटतं, मांजर ओरडतं. कासव बिचारं मान आत ओढून घेतं आणि आपल्याला वाटतं, शांत बसलंय. ते बोलत नाही म्हणून तर आपण बोलायचं. त्या दिवशी मी दुकानात दोन वाक्यं बोलले असते, तर कदाचित तो डबा माझ्यासमोर आला नसता.

तुमच्या जवळच्या दुकानात एकदा नीट बघा. पाणी कसं आहे, कोरडी जागा आहे का, डोळे उघडे आहेत का. आणि खटकलं तर नम्रपणे, पण नक्की विचारा.