रोजा, दस्तरखान आणि कंबरेचा घेर

महिनाभर रोजे ठेवणाऱ्याचे वजन आपोआप उतरत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते थोडेफार उतरले, तरी ईदनंतर काही आठवड्यांत बहुतेकदा भरून येते. काहींचे तर रमजानमध्येच वाढते. दोष रोज्याचा नाही, मगरीबनंतरच्या ताटाचा आहे. खजूर आणि पाण्याने रोजा सोडणे ही सुन्नत. पण त्यामागोमाग भजी, समोसे आणि गोड सरबत येते, मग बिर्याणी, तरावीहनंतर फिरनी आणि सहरीला तुपातले पराठे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण दस्तरखानालाही तंतोतंत लागू पडते.

एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तेवढ्या खर्च करायला अर्ध्या तासाच्या आसपास चालावे लागते. तळणीच्या एका बशीत असे किती चमचे मुरतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यात रात्रीची अपुरी झोप भूक वाढवते आणि दिवसभराचा थकवा हालचाल कमी करतो.

तरीही लठ्ठपणाला निव्वळ खादाडपणा म्हणणे अन्यायाचे आहे. त्यात आनुवंशिकता असते, थायरॉइडचे किंवा स्त्रियांमधील पीसीओएससारखे विकार असतात, स्टेरॉइडसारख्या औषधांचा परिणाम असतो आणि बैठे कामही असते. जागतिक आरोग्य संघटना लठ्ठपणाला दीर्घकालीन आजार मानते. भर मेजवानीत एखाद्याच्या पोटावर विनोद करून तो बरा होत नाही. उलट तो माणूस दवाखान्यात जायलाही संकोचतो.

भारतीयांनी तर अधिकच सावध राहायला हवे. आपल्याकडे चरबी पोटाभोवती साठण्याची प्रवृत्ती आहे, म्हणून बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असे आपले डॉक्टर मानतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे धोक्याचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील जवळपास दर चौथ्या प्रौढाचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक आढळला. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, यकृतावरील चरबी, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे आणि काही प्रकारचे कर्करोग यांचा धोका त्यातून वाढतो.

दिलासा असा की वजन पाच ते दहा टक्के घटले, तरी रक्तदाब आणि साखर सुधारते. ८० किलोच्या माणसाने चार ते आठ किलो कमी केले तरी फरक पडतो. आहार, चालणे आणि झोप हा उपचाराचा पाया. त्याने भागले नाही तर गोळ्या, नवी इंजेक्शने आणि तीव्र लठ्ठपणात बेरिएट्रिक शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत शरीअतनेच दिली आहे.

खाण्यापिण्यात अतिरेक नको, ही कुरआनची शिकवण आहे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, हा हदीसचा सांगावा. तो पाळायचा तर सुरुवात घरातल्या सर्वांनी करायला हवी. तळण रोजच्याऐवजी जुम्म्यापुरते ठेवावे. सरबताऐवजी पाणी किंवा साधे ताक घ्यावे आणि ताटात फळे, मोड आलेली मटकी, डाळ, भाजी वाढवावी. यात आणखी एक भले आहे. स्वतः रोजा धरून असरपासून कढईसमोर उभ्या राहणाऱ्या बाईला त्या संध्याकाळी घटकाभर बसायला आणि निवांत दुआ मागायला मिळेल.