दारावरच्या पेन्सिलीच्या रेघा

गेल्या हिवाळ्यात एक वीकेंड महाबळेश्वरला मावशीकडे काढला. पॉइंट-बिइंट काही नाही, नुसती भजी आणि झोप. तर स्वयंपाकघराच्या चौकटीवर दोन रेघा दिसल्या. दादाच्या लेकीची उंची, दर दिवाळीला घेतलेली. साडेतीन वर्षांची असताना ९५ सेंटीमीटर, साडेचारला ९८.

"आईवर गेलीये, बुटकी राहणार," मावशी म्हणाली. वहिनी गप्प.

आता मी पडलो इंजिनिअर, दोन आकडे दिसले की वजाबाकी करणारच. वर्षात ३ सेंटीमीटर! या वयात मूल वर्षाला साधारण ६-७ सेंटीमीटर वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यावर (पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडेही तोच वापरतात) पोरगी पंधराव्या शतमकावरून घसरून तिसऱ्यापर्यंत आली होती. गंमत म्हणजे ९८ हा आकडा एकटा पाहिला तर तो अजून 'नॉर्मल'मध्येच बसतो. एका डॉक्टरांनी तेच सांगून परत पाठवलं होतं. त्यांच्यासमोर आधीचा आकडाच नव्हता म्हणा, पण विचारायचं तरी!

आई बुटकी असेल तर मूल खालच्या ओळीवर असेल, पण त्याच ओळीला धरून वाढेल. दोन-तीन वर्षांनंतर मध्येच ओळ सोडून खाली घसरणं आईच्या माथी मारता येत नाही. आणि वजन? ते मस्त वाढत होतं, सगळे खूश, 'गुटगुटीत आहे' म्हणून. खायला कमी पडलं तर सहसा आधी वजन उतरतं. इथे उलटं, उंची थांबलेली आणि वजन चालू. अशा वेळी हार्मोनची शंका आधी घ्यायची असते. रक्त तपासलं, थायरॉइड कमी निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी, बस्स.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, उंची एकदा मोजणं म्हणजे न मोजल्यासारखंच. सहा-सहा महिन्यांनी, तारखेसकट लिहा. चप्पल काढून, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट पुस्तक, आणि शक्यतो एकाच वेळी, कारण संध्याकाळी माणूस थोडा आखूड होतो (खरंच!). दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं. पाच वर्षांनंतर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे भारतीय तक्ते आहेत, पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचं त्यात मोठं काम आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंचीचा रकाना असतो, पण तो भरल्यावर मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून कोण पाहतं? आणि टीव्हीवरच्या 'उंची वाढवा' पावडरींवर पैसे घालणारे आईबाप मात्र शेकड्याने. असो.

परवा दादाचा फोन आला. गोळी सुरू होऊन सहा महिने झालेत. तिसरी रेघ १०२ वर आहे, आणि पठ्ठी आता रोज मोजा म्हणून मागे लागते.