जैवरसायनाचे कोडे, भाषेचा अडसर
डहाणू व तलासरीतील अनेक आदिवासी विद्यार्थ्यांना ‘नीट’मधील जैवरसायनशास्त्राचे प्रश्न अवघड जातात, त्यामागे भाषेचाही अडसर आहे. घरी वारली, आश्रमशाळेत मराठी आणि अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजी. सक्सिनेटशी रचनासाम्य असलेले मॅलोनेट विकराची जागा अडवते, हे तत्त्व सोपे आहे. अडते ते परिभाषेपाशी. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. त्यामुळे अंदाजही महागात पडतो. २०१७ पासून प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मात्र भाषांतराबाबत वाद उद्भवल्यास इंग्रजी पाठच अंतिम. अभ्यास इंग्रजीतून झालेल्यांना ऐन परीक्षेत मराठी संज्ञा परक्याच वाटतात. आठवीपासून दोन्ही भाषांतील संज्ञा शिकवल्याखेरीज ही सोय कागदावरच राहील.