एका टेबलावर किती मॉनिटर?

मंडळी, एक गोष्ट कधीची ठणकावून सांगायची होती. घरात तीन कॉम्प्युटर असले की तीन मॉनिटर आणि तीन कीबोर्ड लागतात, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. आणि त्यासाठी केव्हीएम स्विच नावाचा डबा घ्या, हा सल्ला म्हणजे त्या अंधश्रद्धेवरचा महागडा उतारा!

डबा अगदीच टाकाऊ आहे असं नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस त्याला जोडायचे, बटण दाबलं की दुसरं मशीन समोर हजर. पण प्रत्येक मशीनपासून डब्यापर्यंत वायरींचा गुंता. शिवाय स्वस्तातल्या डब्यावर बटण दाबलं की आधीच्या मशीनला वाटतं, मॉनिटरच काढून नेला! परत येऊन बघावं तर रेझोल्यूशन बदललेलं. सिनर्जी किंवा इनपुट लीप वापरलंत तर कीबोर्ड-माऊस एकच पुरतो, पण मॉनिटर ज्याचा त्याला लागतोच.

मुळात लिनक्सवाल्यांना ही यातायात हवीच कशाला? एमआयटीत १९८४ साली एक्स विंडो सिस्टिम जन्माला आली तीच या कल्पनेवर, की प्रोग्रॅम एका मशीनवर चालेल आणि खिडकी दुसऱ्यावर दिसेल. १९९५ साली एसएसएच आलं आणि दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे काम करता येऊ लागलं. आता वेलँडवर खिडकी पाठवायला वेपाइपसारखं वेगळं साधन लागतं, हे खरं. पण टर्मिनलसाठी एसएसएच आजही पुरेसं आहे. बाकीची मशीन्स कोपऱ्यात हवेशीर ठेवा, वीज आणि नेटवर्कची वायर द्या. बस्स!

आता तुम्ही म्हणाल, "नेटवर्कच बंद पडलं तर? बायोसमध्ये जायचं असेल तर?" रास्त प्रश्न. तेव्हा मॉनिटरची वायर काढून त्या मशीनला लावायची आणि काम झालं की परत. वर्षातून अशी वेळ येते तरी किती वेळा?

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. "याला आता मॉनिटर कुठून आणायचा?" एवढ्याच कारणासाठी धडधाकट कॉम्प्युटर भंगारात जातात. घरातल्या फोटोंचा बॅकअप ठेवायला असं एखादं मशीन आरामात पुरतं. रोज चालू ठेवायचीही गरज नाही.

तेव्हा समस्त काका, मामा आणि मावश्यांनो, पुढच्या वेळी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला एक फोन करा. मॉनिटर नसला तरी चालेल.