फोम मारायचाच तर वरून

तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात मासळीचा वास येऊ लागला. घर अकोल्यात, माणसं माळकरी, चातुर्मासात कांदासुद्धा दाराबाहेर. ताईने आधी मांजरावर संशय घेतला, मग शेजाऱ्यांवर, मग गटारावर. मी गेलो आणि वर पाहिलं. हॉलच्या स्लॅबला खालून दोन इंच जाडीचा पिवळसर फोम चिकटवलेला होता, पंधरा दिवसांपूर्वीच मारलेला. वास तिथून येत होता. दोन ड्रममधली रसायनं बंदुकीच्या तोंडाशी सारख्या मापाने मिसळली नाहीत की असा वास राहतो. कधी आठवडाभर, कधी वर्षभर.

मी तीस वर्षं लोकांची घरं बांधून देतो. एवढा खर्च करण्याआधी ताईने मला विचारलं नाही याचा राग आला, पण तिने हे का केलं ते कळत होतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. माझ्याकडे तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र आहे. त्या आधीच्या उन्हाळ्यात दुपारी दोनला ताईच्या गच्चीवर त्याने बासष्ट दाखवलं होतं. खरी गंमत रात्रीची. सूर्य बुडून दोन तास झाले तरी खोलीतलं छत बेचाळीसवर. दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता स्लॅब रात्री अंथरुणावर ओततो. कूलर भणभणत राहतो, त्यातला वाळा सुकतो, पंखा वरची गरम हवा खाली ढकलतो. अशा घरात ‘फक्त एक दिवसाचं काम, खोली दहा अंश थंड’ म्हणत कुणी दारात आला तर माणूस हो म्हणणारच.

आणि फोम लबाड नाही. बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम उष्णता अडवण्यात अव्वल. सहा इंची स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला साधारण सव्वातीन वॉट उष्णता आत येते. त्यावर दोन इंच फोम चढवला तर तोच आकडा अर्ध्या वॉटच्याही खाली जातो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने घराच्या छताला १.२ ही मर्यादा सांगितली आहे. माझ्या हिशोबाने जेमतेम अर्धा इंच फोमसुद्धा त्या रेषेच्या आत बसतो. मालावर माझा आक्षेप नाही, तो जिथे मारला त्या जागेवर आहे.

ताईच्या प्रकरणानंतर मी मुद्दाम एका गोदामावर जाऊन हे काम उभं राहून पाहिलं. एका ड्रममध्ये काळपट तपकिरी आयसोसायनेट, दुसऱ्यात मधासारखं पॉलिऑल. दोन गरम नळ्या एका बंदुकीत येतात. फवारा पत्र्यावर पडतो तेव्हा पातळ रंगासारखाच दिसतो. मग तीन-चार सेकंदांत कढईतल्या कुरडईसारखा फुलतो, तीसेक पट, आणि मिनिटभरात बोटाने दाबला जाणार नाही इतका टणक होतो. बघत राहावंसं वाटतं. पण फवारणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून उभा होता. आयसोसायनेटच्या वाफेने दमा लागतो, आणि एकदा का शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे थोडासा वाससुद्धा पुरतो. त्याला ताज्या हवेच्या नळीचा मुखवटा हवा होता. अमेरिकेत फवारणीनंतर घरच्यांना साधारण २४ तास बाहेर राहायला सांगतात. ताईकडे हॉलमध्ये फवारणी चालू असताना आत पोळ्या लाटणं चालू होतं.

वास सहा महिन्यांत ओसरला. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पंख्याच्या हुकातून तपकिरी थेंब पडू लागले. फोमने सगळं छत झाकलं होतं, हुकाभोवती बोटभर जागा तेवढी राहिली होती. ताईला वाटलं गळती तिथेच आहे. गळती होती आठ फूट लांब, वरच्या पाण्याच्या टाकीच्या पायाशी. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून वाट काढत हुकापाशी येत होतं. आम्ही टाकीखालच्या भागात फोम कापायला घेतला. तो सोलून निघत नाही. सुरी, पटाशी, शेवटी छिन्नी. फोमबरोबर प्लास्टर आलं, प्लास्टरबरोबर काँक्रीटचे पोपडे, आणि मागे सळया. बारा मिलिमीटरची सळई गंजून पापुद्र्यांची झाली होती, नखाने निघत होती. मिस्त्री म्हणाला, “काहून झाकलं हो ताई हे? उघडं असतं तं दोन साल आधीच दिसलं असतं.”

फोम विकणारे सांगतात की गळतीही थांबते. थांबतो तो थेंब. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही, म्हणून खाली काही टपकत नाही, आणि घरमालक निर्धास्त होतो. पाणी मात्र स्लॅबच्या पोटात तसंच बसून सळई खातं. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. उघड्या छताला आधी ओलीचा डाग येतो, मग पिवळी कड, मग पोपडा. ही छताची भाषा आपल्या बायकांना इंजिनिअरहून चांगली कळते. डाग दिसला की त्या मिस्त्रीला बोलावतात. फोमखाली ती भाषाच बंद होते.

हे केवळ अकोल्याचं रडगाणं नाही. ताईचाच मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. गेल्या वर्षी त्याने जुनं घर पसंत केलं, भाव ठरला, आणि बँकेने कर्ज नाकारलं. कारण माळ्यावर छपराला आतून मारलेला फोम. त्याचा फोन आला, “मामा, फोम म्हणजे काय भानगड आहे?” मी म्हटलं, आईला विचार.

तिथली जुनी छपरं लाकडी वाशांवर. हिवाळ्यात घरातली ऊबदार दमट हवा वर जाते. उघड्या माळ्यावर ती वाऱ्याबरोबर निघून जाते. फोमने वासे लपेटले तर फटीतून शिरलेला दमटपणा गार लाकडापाशी पाणी होऊन बसतो, वरून एखादं कौल फुटलं तर तेही पाणी तिथेच मुरतं, आणि लाकूड कुजतं. सगळीकडे कुजतंच असं नाही. नीट तपासून, हवेची सोय ठेवून केलेलं काम चांगलंही असतं. पण कर्जासाठी घर पाहायला येणाऱ्या सर्व्हेअरला लाकूड दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याची हमी तो देत नाही. ब्रिटनमध्ये असा फोम मारलेली सुमारे अडीच लाख घरं आहेत, आणि मोठ्या कर्जदात्या बँकांपैकी पावएक बँका अशा घरांना हातच लावत नाहीत, अशी बीबीसीची २०२४ ची बातमी होती. इंग्लंडमध्ये २०२० च्या ‘ग्रीन होम्स ग्रँट’ योजनेत या कामाला सरकारी अनुदानही मिळालं होतं. आता काढायचा खर्च हजारो पौंड. भाच्याने ते घर सोडलं.

आपले जुने गवंडी याबाबतीत शहाणे होते. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवद, खानदेशात धाबं. वर हात-हातभर मातीचा थर आणि खाली कडीपाट. ऊन अडवायचं काम मातीचं, भार उचलायचं काम लाकडाचं, आणि ते लाकूड खाली झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर उघडं. वाळवी लागली तर पडल्या पडल्या दिसायची. पुढे स्लॅब आले तेव्हा विटांच्या तुकड्यांचा कोबा आला, तोही वरूनच. उष्णता अडवणारा थर छताच्या डोक्यावर असायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

खोलीपुरतं पाहिलं तर फोम वर असो की खाली, आत येणारी उष्णता जवळपास सारखीच घटते. फरक पडतो स्लॅबला. फोम खाली असेल तर स्लॅब उन्हात तसाच भाजतो, उलट थोडा जास्तच. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला की तीन-साडेतीन मिलिमीटर वाढतो, पहाटे पुन्हा आखडतो. रोजची ही ओढाताण कठड्याच्या सांध्यात चीर पाडते, आणि चिरेतून पाणी शिरतं. फोम वर असेल तर स्लॅब बारा महिने सावलीत राहतो. मिस्त्रीने छिन्नी घेऊन यावं असे प्रसंग तिथेच कमी होतात, आणि खालचं छत बोलायला मोकळं राहतं.

वर मारायचा तर कष्ट जास्त आहेत, म्हणूनच ठेकेदार खालून मारायला सांगतात. उन्हात उघडा राहिलेला फोम काही महिन्यांत तपकिरी पडून भुगा होतो, म्हणून त्यावर काँक्रीटचा थर घालावा लागतो. उतार पन्हाळीकडे नीट काढावा लागतो. शिवाय आमच्याकडे वानरं आहेत. उघडा फोम त्यांना भाकरीसारखा वाटतो की काय कोण जाणे, पण एका डॉक्टरांच्या गच्चीवरचा फोम त्यांनी दोन दिवसांत उकरून ठेवला. आणि गच्ची ही काही नुसतं छप्पर नव्हे. तिथे पापड वाळतात, गाद्यांना ऊन दाखवतात, मे महिन्यात माणसं झोपतात.

पत्र्याच्या घराची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझं मत तितकं पक्कं नाही. पत्र्याखाली फोम मारला तर घर खरोखर राहण्याजोगं होतं, पावसाचा ताशा थांबतो, पहाटे पत्र्यातून दव टपकत नाही. पण उघड्या फोमखाली शेगडी पेटवणं मला पाहवत नाही. पॉलियुरेथेन पेटला की काळाकुट्ट धूर आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायू. अमेरिकेच्या बांधकाम संहितेत राहत्या खोलीत फोम उघडा ठेवता येत नाही, त्यावर निदान अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड लागतो. आपल्याकडे मी फोमला टेकून गेलेल्या उघड्या वायरी पाहिल्या आहेत. बोर्डाचा खर्च झेपत नसेल तर पत्र्यावर पांढरा रंग द्या, खाली बांबूचा तट्ट्या बांधा. काम निम्मं होईल, पण रात्री झोप लागेल.

मुळात पहिला खर्च चुन्याचाच असावा. माझ्याच गच्चीवर अर्ध्या भागाला चुना मारून दुपारी मोजलं, तर उघड्या सिमेंटपेक्षा चौदा अंश कमी. दरवर्षी मारावा लागतो, चपलेला लागून घरभर येतो, बायको बडबडते. तरी पाचशे रुपयांत एवढं देणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

ताईचा स्लॅब दुरुस्त झाला. गंजलेल्या सळया घासून, काही नव्या जोडून, टाकीचा पाया हलवला. हॉलभरचा फोम काढला. आता वरून फोम मारायचा असं आमचं ठरलं आहे. पण त्याआधी गच्चीवर दोन इंच पाणी तीन दिवस साठवून गळती तपासायला हवी. म्हणजे तीन-सव्वातीन हजार लिटर. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. मी टँकर सांगतो म्हटलं तर ताई भडकली. गल्ली हंडे घेऊन उभी असताना गच्चीवर टँकर रिकामा करू? लोक काय म्हणतील? तिचंही खरं. मग पावसाची वाट पाहायची. जुलैत कळेल कुठे गळतं ते. पण ओल्या स्लॅबला फोम धरत नाही, म्हणजे काम ऑक्टोबरनंतर. हा उन्हाळा पुन्हा कूलरवर. काल तिचा फोन आला होता, येताना बाजारातून वाळा आण म्हणाली.