लेखात कोळशाचे नावच नाही

रविवारच्या पुरवणीतला अणुऊर्जेविरुद्धचा लेख वाचला. त्यात चेर्नोबिल झाले, फुकुशिमा झाले, जैतापूरच्या नियोजित प्रकल्पाचेही झाले. अख्ख्या पानात कोळसा हा शब्द मात्र एकदाही नाही! लेखक चार दिवस चंद्रपुरात राहिले असते तर तो पहिल्याच ओळीत आला असता. इथे दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय कोणी घडी करत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्येच या भागाला अतिप्रदूषित ठरवले होते.

आकडा एकच सांगतो. ‘आयपीसीसी’ या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या 2014 च्या अहवालाप्रमाणे, खाणीपासूनचा सारा हिशेब धरला तर कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण 820 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडएवढे हरितगृह वायू हवेत जातात, अणुविजेमागे 12. आठशे वीस आणि बारा! सौरऊर्जेशी माझे वैर नाही, माझ्याच छपरावर पॅनेल आहेत. पण मे महिन्यात रात्री आठला घरोघरी कूलर सुरू असतात तेव्हा ती पॅनेल काय करतात, हे लेखकांनी सांगावे. तेव्हा जळतो तो कोळसाच.

कचऱ्याचे म्हणाल, तर तारापूरला अणुकचरा काचेत गोठवून, मोजूनमापून बंदोबस्तात ठेवतात. कोळशाच्या राखेची एवढी बडदास्त कोणी ठेवलेली मी पाहिली नाही.

जैतापूरवर माझे लेखकांशी भांडण नाही. तिथे आणायची आहे त्याच फ्रेंच बनावटीची भट्टी खुद्द फ्रान्सने फ्लामनव्हिलला 2007 मध्ये बांधायला घेतली, ती ग्रीडला जोडायला 2024 चा डिसेंबर उजाडला. एवढी वाट पाहायला वेळ कोणाकडे आहे? पण आपल्या स्वदेशी 220 मेगावॅटच्या भट्ट्यांचे काय? कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राचा पहिला संच 2016 ते 2018 दरम्यान सलग 962 दिवस न थांबता चालला. त्याच घराण्यातल्या भट्टीला सरकार आता ‘भारत लघु अणुभट्टी’ म्हणते. चंद्रपूर औष्णिक केंद्रातले 210 मेगावॅटचे दोन जुने संच बंद झालेत. त्यातल्या एकाच्या जागी अशी एक भट्टी आली तर माप जवळजवळ तेच! वीजवाहिन्या आहेत, रेल्वे आहे, इरईचे पाणी आहे. मग एक भट्टी इकडे का नको?

शहर जवळ आहे म्हणाल, तर अंतर मोजा, नियम लावा, जनसुनावणी घ्या. फक्त ती खरीखुरी घ्या. मागे एका प्रकल्पाच्या सुनावणीला गेलो होतो. टेबलावर इंग्रजी अहवालाचा गठ्ठा, आणि मराठी सारांश म्हणे ‘संपला’. लोकांना काही कळूच द्यायचे नाही आणि मग लोक घाबरतात म्हणून त्यांनाच अडाणी ठरवायचे, हा कुठला न्याय?

आणि हो, ताडपत्री न बांधता राखेचे ट्रक रोज आमच्या रस्त्याने जातात. पुरवणीचे एक पान त्यांच्यावरही काढा. फोटो हवे असतील तर मी पाठवतो.

– एक निवृत्त शिक्षक, चंद्रपूर