विश्लेषण : दात पांढरे, सरळ करायचेत? दंतवैद्य निवडताना काय पाहावे?

दात शुभ्र आणि सरळ करून देण्याच्या जाहिराती आता परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावसारख्या गावांतही मोबाइलवर दिसतात. तज्ज्ञ दंतवैद्यासाठी मात्र तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते. अशा वेळी चुकीच्या उपचारात पैशांबरोबर दिवसाची मजुरी आणि कधी कधी दातही जातो.

डाग कशाचे आहेत?

चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग दातांवर वरून बसतात. ते बहुतेक वेळा स्केलिंग आणि पॉलिशिंगने निघतात. ब्लीचिंगची गरजच उरत नाही. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर केंद्राने १९९२ मध्ये बंदी घातली, तरी मिश्रीची सवय सुटलेली नाही. ती सुटली नाही तर डाग पुन्हा येतात. फ्लोरोसिसचे डाग वेगळे. बालपणी दात तयार होत असताना जास्त फ्लोराइडचे पाणी पिण्यात आल्यास ते पडतात आणि घासून जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची अपेक्षित मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालते. म्हणून बोअरच्या पाण्याची तपासणी महत्त्वाची.

ब्लीचिंग किती सुरक्षित?

यात पेरॉक्साइडयुक्त जेल वापरतात. दंतवैद्याच्या देखरेखीखाली ते सहसा सुरक्षित असते. काही दिवस दात शिवशिवतात. कॅप किंवा सिमेंट भरलेल्या भागाचा रंग मात्र बदलत नाही आणि कीड असल्यास आधी तिच्यावर उपचार करावे लागतात. युरोपीय संघात ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने २०१२ पासून फक्त दंतवैद्यांनाच विकता येतात, १८ वर्षांखालील मुलांसाठी ती वापरता येत नाहीत. लिंबू किंवा कोळशाने दात घासल्यास इनॅमल झिजते, ते पुन्हा तयार होत नाही.

दात सरळ करायला किती काळ?

तारेच्या ब्रेसेसना साधारण दीड ते दोन वर्षे लागतात. दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी आणि नंतर रिटेनर हवाच. पारदर्शक अलाइनर दिवसात सुमारे २२ तास लावावे लागतात. ग्राहकांच्या घरी अलाइनर पाठवणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. त्यामुळे तार तुटली तर कोण पाहणार, हे आधीच ठरलेले असावे. दूरच्या शहरातील स्वस्त दवाखान्यापेक्षा नियमित जाता येईल असा गंगाखेड किंवा परभणीचा दवाखाना अनेकदा परवडतो.

दंतवैद्य पात्र आहे का?

कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. दात सरळ करण्यासाठी बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेला तज्ज्ञ शोधावा. तो ठरावीक दिवशीच येत असेल तर तो वार, एकूण खर्च आणि हप्ते लेखी घ्यावेत. ब्युटी पार्लरमधील ब्लीचिंग टाळावे.

कमी खर्चाचा पर्याय?

छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. लातूर, नांदेडमध्ये खासगी दंत महाविद्यालये आहेत. तेथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. खर्च सहसा कमी, वेळ जास्त. स्केलिंग, दात भरणे अशा एक-दोन फेऱ्यांच्या कामासाठी हा प्रवास सोपा आहे. ब्रेसेससाठी मात्र दोन वर्षांचे एसटी भाडे आणि बुडणारी मजुरी धरूनच हिशेब करावा.